मिरच्यांची गच्ची

आई, गडमुडशिंगीचं आपलं घर दसरा झाला की पाडायचं ठरलंय. नव्या घराचा नकाशा मागायला तुझा लेक माझ्याकडेच आला. म्हणाला, "अक्का, घरात इंजिनेर असताना बाहेरच्याला कशाला सांगू? स्लॅबचं काढून दे की." मी त्याला चहा दिला आणि गॅसकडे तोंड करून रडले. त्याला कळलं असणार, पण तो कपात बघत बसला.

याच्या आधीच्या जुन्या घराची मागची भिंत पावसात बसली, तेव्हा मी नुकतीच आर्किटेक्ट झालेले, डोक्यात वारं भरलेलं. सिमेंट नको, लोखंड नको. आपल्याच वावरातली माती, भाताचं काड, खाली काळ्या दगडाचं जोतं, वर कौलं. दारातली चिंच तोडायची नाही, सोप्याचं छप्परच तिच्या बुंध्याभोवती कापून घ्यायचं. तू चुलीपुढं भाकरी थापत सगळं ऐकलंस आणि म्हणालीस, "ते असू दे. मला वर एक सपाट गच्ची कर, बास. मिरच्या वाळवाय जागा न्हाय. अंगणात घातल्या की कोंबड्या तुडवत्यात." मी हसले. उतरत्या कौलांखाली घर कसं गार राहतं, पाऊस कसा निथळून जातो, यावर तुला केवढं तरी ऐकवलं. शेवटी तू वैतागलीस. "मातीला वर्साला हात लावाय लागतोय. कोण लावणार? तू?" एवढं बोलून तव्यातली भाकरी उलटलीस. आणि दुसऱ्या दिवशी लुगडं वर खोचून चिखल तुडवायला सगळ्यांच्या आधी तूच उतरलीस.

घर मात्र झालं, आई. अजून डोळ्यांपुढं आहे: वैशाखातली दुपार, शेजारच्या बायका सुपं घेऊन आपल्याच सोप्यात येऊन बसल्यात. आत पाय टाकला की जमीन गार लागते. चिंचेचा पाला वाऱ्यानं आत येतो, तू तो झाडत नाहीस, आणि मला ऐकू जाईल असं त्या बायकांना सांगतेस, "एवढं मातूर खरं केलं हां पोरीनं." त्यानंतर मला पुष्कळ शाली-नारळ मिळाले, पण तसं कुणी म्हणालं नाही. दरवर्षी नवरात्राच्या आधी तू पांढऱ्या मातीचा पोतारा भिंतींवर फिरवायचीस, गुडघे गेले तरी. मी विद्यार्थ्यांना घेऊन यायचे, भिंती दाखवायचे, फोटो काढायचे आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. उन्हाळ्यात कांदा-लसणाच्या चटणीची बरणी न चुकता पाठवायचीस. त्या मिरच्या अंगणातच वाळलेल्या असायच्या, तू काठी घेऊन कोंबड्या हाकत बसलेली.

तुझ्या माघारी वहिनीनं चार वर्षं सारवलं, मग तिचेही गुडघे गेले. तुझ्या लेकानं मला न विचारता भिंतींना सिमेंटचा गिलावा मारून घेतला. ओल आतच कोंडली आणि दोन पावसाळ्यांत गिलावा मातीचे लपके घेऊन खाली आला. मी त्याला वाट्टेल ते बोलले. पण घर त्यामुळं पाडत नाहीयेत. भाच्याला एमआयडीसीत नोकरी आहे, पोरगा निर्व्यसनी, तरी लग्न जमत नाही. गेल्या महिन्यात मुलीकडचे आले, तेव्हा मीही होते. मुलीच्या बापानं बोट वाकवून भिंतीवर वाजवलं, भुरभुर माती त्याच्या चपलेवर पडली. "मातीचं हाय व्हय, पावणं? स्लॅब टाका, मग बोलू." मुलीच्या आईनं तर सरळच विचारलं, "हे सारवाय कोण बसणार?" तुझाच प्रश्न, आई.

आता मातीची घरं कोण मागतं सांगू? ज्यांचे बंगले आहेत ते. पन्हाळ्याकडं सुट्टीला जाऊन राहायला, सारवायला बाई ठेवून. आणि आपल्या गावात जिकडं बघावं तिकडं स्लॅब आणि पत्रे, दुपारी घरात थांबवत नाही, माणसं मोटारी चालू करून गच्चीवर पाणी मारतात. मी जन्मभर सांगत राहिले ते सगळं वाऱ्यावर गेलं. आपलं एक घर दाखवायला होतं, तेही चाललं. मला आता काही करावंसं वाटत नाही.

नकाशा काढला पण. खोल्या, जिना, मोरी, हाताला येईल तसं ओढलं. गच्चीवर आल्यावर मात्र हात थांबला. दक्षिणेला चार बायका मांडी घालून बसतील एवढी जागा मोकळी सोडली, पाण्याची टाकी पलीकडं सरकवली, सावली पडू नये म्हणून कठडा बुटका घेतला. चिंच तर जाणारच आहे, तिथं दिवसभर ऊन असेल. वहिनी नकाशा बघून म्हणाली, "वन्सं, आता कोण मिरच्या वाळवतंय? चटणी इकत मिळती की." तरी ती जागा मी खोडली नाही. हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकू, राहील इथंच टेबलावर. पण खरं सांगते, आख्ख्या नकाशात जीव लावून काढलेली तेवढीच एक जागा आहे, आणि तू मागितलीस तेव्हा ती काढायला मला एक दुपार पुरली असती.