पान चारवरची तार

मोखाडा,
२२ एप्रिल २००३

चि. सुदर्शन यास चंदाआत्याचे पुष्कळ आशीर्वाद, आणि आशीर्वादांच्या पाठोपाठ तेवढीच बोलणी.

तुझी प्रकृती ठीक असावी असे धरून चालते, कारण गेल्या दोन वर्षांत ती डोळ्यांनी पाहण्याचा योग आलेला नाही. पुण्यात ऊन फार आहे म्हणतात. ताक पीत जा. जव्हारला तुझे बाबा बरे आहेत. गुडघा दुखतो, पण ऐकणारा कोणी भेटला की जरा कमी दुखतो. माझी तब्येत उत्तम. निवृत्त होऊन चार वर्षे झाली तरी आवाज अजून शाळेच्या दुसऱ्या टोकाला पोचतो. तो या पत्रातूनही तुला ऐकू येईल, तेव्हा बसून वाच.

तुझी पुस्तिका मिळाली. तुमच्या कंपनीने खेड्यापाड्यांसाठी संगणकावरून मराठीत ई-पत्रे पाठवण्याची सोय काढली, तिची ही बावन्न पानी वापर-पुस्तिका आमच्या सुदर्शनने लिहिली, आणि छापायला देण्याआधी "आत्या, जरा भाषा बघून दे" म्हणून माझ्याकडे पाठवली, याचा मला फार आनंद झाला. तो आनंद पान दोनपर्यंत टिकला. पान दोनवर तू वाचकाला "प्रिय वापरकर्त्या" अशी हाक मारली आहेस. पंचायत समितीच्या सभापतींनाही वापरकर्त्या म्हणणार का? पान सहावर "असा संकेतशब्द निवडा जो कोणालाही सुचणार नाही" असे लिहिलेस. आमच्या रोहिदासने तसाच निवडला, आणि दुसऱ्या दिवशी तो त्यालाही सुचला नाही. (रोहिदास म्हणजे बाजारपेठेतला झेरॉक्स-एसटीडीवाला. माझ्याच हाताखाली चौथीपर्यंत शिकला, आता चाळिशीचा झाला, तरी मला बघून अजून खुर्चीतून उठतो. तुमच्या चाचणीचा संगणक त्याच्याच दुकानात ठेवला आहे.) पान अकरावर पत्र पाठवल्याबरोबर यंत्र म्हणते, "अभिनंदन! आपले पत्र यशस्वीरीत्या रवाना झाले." मी एकोणचाळीस वर्षे पोस्टाच्या पेटीत पत्रे टाकते आहे, पेटीने कधी माझी पाठ थोपटली नाही. पत्र पोचून, वाचून, कळून त्याचे उत्तर आले म्हणजे अभिनंदन. नुसते निघाले याचे कसले?

पण हे सगळे किरकोळ आहे. खरा प्रश्न पान चारचा. तिथे तू लिहिले आहेस: "ई-पत्र म्हणजे संगणकावरून केलेली तारच होय. तारेप्रमाणे ते तत्काळ पोचते." हे वाक्य तुला सुचले तेव्हा तू खुर्चीत मागे रेलून खूश झाला असशील, हे मला इथून दिसते. लहानपणी निबंधात एखादी उपमा जमली की तू असाच पेन चावत बसायचास. तर त्या उपमेने काय केले ते ऐक.

आमच्याकडे भांड्याला येते ती गोदी तुला आठवत असेल. सूर्यमाळच्या एका पाड्यावर राहते, दिवसाआड जीपने खाली येते, मिळेल त्या मजुरीला जाते आणि माझी भांडी घासताना मला जगाच्या बातम्या देते. तिचा मुलगा सोन्या तीन वर्षांपूर्वी वसईकडे बांधकामावर गेला तो गेलाच. कारण एक बोकड. सोन्याने तो पिलाचा वाढवला होता, आणि गोदीने त्याला न विचारता विकला. पोर आईशी एक शब्द न बोलता जीपमध्ये बसले, ते ना होळीला आले ना दिवाळीला. आता त्याच्या बहिणीचे, रविनाचे, लग्न ठरले, चार मेला. बाप नाही. भाऊ आला नाही तर पोरगी मांडवात कशी उभी राहील, हे एकच गोदी पंधरा दिवस बोलत होती. दोन माणसांबरोबर निरोप धाडले, त्यांचे उत्तर आले नाही.

तेव्हा मीच म्हटले, पुस्तिकेची परीक्षा होईल आणि गोदीचे कामही होईल. तुझ्या शेवटच्या पानावर चाचणी केंद्रांची यादी आहे, त्यात सोन्या कामाला असतो त्याच वसईच्या नाक्यावरचे एक केंद्र निघाले. मी, गोदी आणि पुस्तिका अशा तिघी रोहिदासच्या दुकानात गेलो. गोदी बोलायला लागली. सांगून ठेवते, तिने पाऊण तास सांगितले. रविनाचा नवरा कुठला, त्याचे दात कसे आहेत, विहिरीला पाणी किती खाली गेले आहे, शेजारच्या चैतीने तिला काय म्हटले आणि तिने चैतीला काय म्हटले. मधेच दोनदा बोकड आला. रोहिदास एका बोटाने टाइप करत होता आणि दर दहा मिनिटांनी वीज जाईल या भीतीने पंख्याकडे बघत होता. मी पान चार उघडून ठेवले होते. तिथे तुझा हुकूम: तारेप्रमाणेच ई-पत्र थोडक्यात लिहावे. ज्या बाईंनी मला कॉन्व्हेंटात इंग्रजी शिकवले त्या सिस्टर अगाथा दर फालतू शब्दाला हातावर एक पट्टी मारायच्या. त्या सवयीने मी गोदीचे सगळे कापले. विषयाच्या चौकटीत "रविनाचे लग्न" लिहिले, आणि तेच खाली पुन्हा कशाला म्हणून मजकुरात एवढेच ठेवले: "ताबडतोब नीघ. सगळे जमले आहेत. उशीर करू नये. आई." रोहिदासने कळ दाबली. यंत्राने आमचे अभिनंदन केले.

आता वसईकडे काय झाले ते बघ. तिथल्या केंद्रवाल्याने पत्र छापून काढले. छापताना विषयाची चौकट छापली जात नाही. (हे तू पान सत्तावीसवर दिले आहेस. पान सत्तावीस मी नंतर वाचले.) शिवाय त्या मनुष्यानेही तुझे पान चार वाचलेले. तो कागद घेऊन सायकलवरून साइटवर गेला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, सोन्या, तुझ्या घरची तार आली आहे.

सुदर्शन, तू आता पुण्याचा झालास, पण जन्माने इथलाच आहेस. या डोंगरात तार कशासाठी येते ते तुला सांगायला हवे का? मुलगा झाला म्हणून कधी कोणी तार केली आहे? पास झाला म्हणून? तार आली म्हणजे माणूस गेले. पोस्टमन तार घेऊन पाड्यावर चढताना दिसला की बाया कागद हातात येण्याआधीच रडायला लागतात. सोन्याला वाचता येत नाही. केंद्रवाल्याने वाचून दाखवले: ताबडतोब नीघ, सगळे जमले आहेत. खाली आई. पोराने घमेले ठेवले आणि तो तिथेच वाळूच्या ढिगावर बसला.

त्याच दिवशी मी रविनाची साडी घेऊन सूर्यमाळला गेले होते. गोदी ओट्यावर तांदूळ पाखडत होती, मी खाटेवर बसून तिला पाखडावे कसे ते सांगत होते. तेवढ्यात खालून माणसे चढताना दिसली. पुढे सोन्या, त्याच्या मागे वसईला कामाला असलेले पाड्यावरचे चौघे, एकाच्या काखेत मोखाड्याच्या बाजारातून घेतलेले पांढरे कापड, आणि सर्वांत मागे खाली मान घालून रोहिदास. हो, रोहिदास! ज्याने स्वतःच्या बोटाने ते पत्र टाइप केले तो. सोन्याला जीपमधून रडत उतरताना बघून त्याने काही न विचारता दुकान बंद केले होते. (मी नंतर त्याला झाडले तेव्हा म्हणाला, बाई, मला वाटलं पत्र पाठवल्यानंतर काही झालं असेल.)

सोन्याने आईला पाहिले आणि पाय मातीत रुतल्यासारखा उभा राहिला. गोदीने सूप खाली ठेवले. तिने पोराकडे बघितले, मग काखेतल्या कापडाकडे बघितले, आणि तिला सगळे समजले. माझ्या कितीतरी शिकलेल्या मैत्रिणींना इतक्या लवकर समजत नाही.

"मी हाय रं जिती," ती म्हणाली. "कापडाची घडी मोडली नाय ना? मंग उद्या दुकानात परत देऊन ये."

चौघे हसायला लागले, सोन्याला मात्र हसू येईना. तो ओट्याच्या कडेला बसला आणि लहान मूल रडते तसा गुडघ्यांत डोके घालून रडला. गोदी त्याच्याजवळ सरकली. तीन वर्षे मी तिला या पोराला शिव्या देताना ऐकते आहे. मला वाटले, आता पाऊण तासाची सुरुवात होणार.

"बोकड तुझा व्हता," ती म्हणाली. "तुला इचारायला पायजे व्हतं."

एवढेच. रोहिदासच्या दुकानात ती हे दोनदा म्हणाली होती, आणि दोन्ही वेळा मी ते पाल्हाळ म्हणून कापले होते.

सोन्याने सूप ओढून घेतले आणि तांदूळ पाखडायला लागला. अगदी वाईट पाखडत होता, पण मी त्याला काही सांगितले नाही. (यावरून माझी अवस्था तुझ्या लक्षात यावी.)

आता अंतिम शेरा. पान चारवरची तार तू काढून टाक. तिच्या जागी साधे लिही: ई-पत्र हे पत्रच आहे, ते लवकर पोचते, त्यात मनातले लिहावे. बाकी एकशे बारा दुरुस्त्या समासात लाल पेन्सिलीने केल्या आहेत. पुस्तिका वेगळ्या पाकिटातून रजिस्टर पोस्टाने पाठवते आहे. तुझ्या साहेबांना सांग की ही भाषा तपासणारी बाई निवृत्त आहे, पण थकलेली नाही.

जेवत जा. रात्री उशिरापर्यंत त्या पडद्यासमोर बसू नकोस.

तुझी,
चंदाआत्या

ता. क. कॉन्व्हेंटात खोटे न बोलण्याची सवय लागते आणि ती म्हातारपणी फार त्रास देते. तुझी पुस्तिका पाकिटात भरताना पान चार पुन्हा वाचले. तुझे मूळ वाक्य "शक्यतो थोडक्यात लिहावे" असे आहे. त्यातला "शक्यतो" ढिला वाटला म्हणून मी पहिल्याच दिवशी लाल पेन्सिलीने खोडला होता. आणि तू दिलेल्या नमुना पत्रात विषय मजकुरातही पुन्हा लिहिलेला आहे. त्यापुढे समासात माझ्याच अक्षरात "पुनरुक्ती टाळा" असे आहे. या दोन्ही दुरुस्त्या कृपया करू नयेत. बाकीच्या एकशे दहा बरोबर आहेत.

ता. क. दुसरा. सोन्याला मी विचारले, नुसते लग्नाचे बोलावणे वाचून दाखवले असते तर आला असतास का? त्याने खरे सांगितले: नाय बाई. आता तारेच्या वाक्याचे काय करायचे ते तूच ठरव. मला ठरवता येत नाही, आणि हे मी आयुष्यात क्वचित लिहिले आहे.

ता. क. तिसरा. मुख्य काम राहिलेच. पुस्तक लिहिणाऱ्याने माझा पोरगा आणला, असे गोदीने सगळ्या पाड्यात सांगितले आहे. मांडवात तुझा मान काढला आहे, टॉवेल-टोपी आणि नारळ. टोपी तिने परवाच्या बाजारातून घेऊनही ठेवली. तू येशील का असे तिने विचारले, तेव्हा मी बेधडक "येणारच" म्हणून सांगितले, आणि नंतर माझ्या लक्षात आले की तुला मी अजून विचारलेले नाही. विचारायला पाहिजे होते. चार मे, रविवार आहे. ये बाळा.