शुभांगीची स्पेस, शुभांगीचा टाइम

२६ जानेवारी, रविवार
शुभांगी सकाळी सिन्नरला माहेरी गेली. दोन बॅगा घेऊन. म्हणाली, "किशोर, मला थोडी स्पेस हवीय, थोडा टाइम हवाय." दोन्ही दिले. बायकोला एवढं देणारे नवरे नाशिकमध्ये किती असतील? फार तर चार दिवस.

३० जानेवारी
चार दिवस झाले. नाही आली. कशातच लक्ष नाही. ऑफिसात तीन बोनाफाईड चुकीच्या नावाने दिले. आमच्या कॉलेजात फिजिक्स शिकवणाऱ्या दिनेश सरांना सहज विचारलं. म्हणाले, स्पेस आणि टाइम वेगळे नसतातच, मिळून एकच: अवकाशकाल. जुन्या पुस्तकांत दिक्काल. म्हणजे शुभांगीची मागणीच मुळात चुकलीय. एवढं समजावलं की येईल. संकल्प: रोज एक तास वाचन.

५ फेब्रुवारी
वाचन दहा मिनिटं. चष्म्याचा नंबर बदललाय बहुतेक. पंचवटीत भाजी घ्यायला गेलो. भाजीवाल्या लताबाईंनी विचारलं, वहिनी दिसत नाहीत? म्हटलं, त्या आता अवकाशकालात आहेत. त्यांनी हात जोडले, कोथिंबीर फुकट दिली. विज्ञानाबद्दल लोकांना अजून आदर आहे.

९ फेब्रुवारी, रविवार
शुभांगीचा फोन. वीस मिनिटं सगळं नीट सांगितलं. मध्ये दोनदा ती काहीतरी बोलायला गेली, पण मुद्दा तुटला असता. शेवटी "ठेवते" म्हणाली. पटलेलं दिसतंय.

१५ फेब्रुवारी
हॉल, किचन, परत हॉल. बसवत नाही. उद्या तिला आणायचंच. चार्ट पेपरवर आकृती काढली: ताणलेली चादर, मधोमध जड गोळा. गोळा म्हणजे मी.

१६ फेब्रुवारी, संध्याकाळी, परतीच्या बसमध्ये
शुभांगी घरात नव्हती. सासूबाईंनी चहा दिला, तोवर चार्ट त्यांनाच समजावला. शेवटपर्यंत ऐकून म्हणाल्या, "लय चांगलं काढलंय, जावईबापू. पण शुभांगी आता इथं राहत नाय. एमआयडीसीत कामाला लागली, तिकडंच खोली घेतली. तुम्हाला सांगितलं म्हणली."

मला कोणीही काही सांगितलेलं नाही, असं मी स्पष्ट म्हणालो.

आत्ता फोन पाहिला. ३ फेब्रुवारी, शुभांगीचा मेसेज: "आज जॉइन झाले. क्वालिटीत घेतलं. खोलीपण मिळाली, खिडकी आहे. रविवारी बघायला येशील?"

खाली माझं उत्तर: "स्पेस आणि टाइम एकच असतात, हे आधी समजून घे."