तांब्याची तार

२ एप्रिल, लातूर
आत्याच्या हेडफोनचा डावा कान गेला. वायर पिनेपाशी मोडलीय. दाबून धरली की वाजतो, सोडली की बंद.
संगी, म्हणजे आत्याची पोरगी, म्हणाली, "कंपनीला लिहू."
म्हटलं, कंपनी कशाला, मी आहे ना! धर्माबादला मोटार वायंडिंगच्या दुकानात दोन महिने काढलेत. (दीड. तिला काय माहीत.)
आत्याचं हेडफोनशिवाय चालतच नाही. गळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून तिला आवाज नाही, पाटीवर लिहून बोलते. तिची गायन पार्टी होती तेव्हाची सहा भीमगीतं कॅसेटवरून मोबाईलमध्ये घेतलेली आहेत. तिचा आवाज उरला तो तेवढाच. त्यात मोबाईल पाण्याच्या ड्रममध्ये पडला आणि स्पीकर मेला. म्हणजे सगळं ह्या वायरीवर.

५ एप्रिल
सोल्डरिंगची कांडी आणायला निघालो. टपरीवर भांडण चालू, उदगीर जिल्हा होणार का नाही. एक म्हातारा म्हणे, "होऊ द्या की जिल्हा. पर ह्या दुष्काळात कलेक्टर आंघोळ कशानं करणार ते आधी सांगा." लई हसलो. मीबी दोन शब्द टाकले. उठलो तोवर दुकान बंद.

९ एप्रिल
संगीनं कंपनीला मेल केलाच. उत्तर आलं: नुसती वायर बदलून मिळत नाही, बिल पाठवा, मग बघू. बिल कुणाला सापडतंय!
"बघ, मी म्हणत नव्हतो?"
"तू म्हणतोसच बाळ्या. करत कायबी न्हाईस."
लागलं मनाला.

१० एप्रिल
केलं!
कांडी आणली, वायर सोलली. आत तीन तारा, केसाएवढ्या. लाल, हिरवी, आणि एक तांब्याच्या रंगाची. रंगीत दोन्ही लायटरनं जाळून साफ केल्या. तिसरी उघडीच होती, तशीच जोडली. नवी पिन. दोन्ही कान वाजले. आवाज जरा बारीक, पण वाजले. आत्याला दिला. तिनं डोळे मिटले. मग उघडले. पाटीवर लिहिलं: मी न्हाई ह्यात.
मी लावून ऐकलं. पेटी आहे. टाळ आहे. मागं साथीला झील ओढणारे आहेत. आत्या नाही. जिथं ती गाते तिथं नुसता खड्डा. दुसरं गाणं लावलं. तिसरं. सहाही तशीच.
संगी ड्युटीवरून आली, नर्सचा ड्रेसबी बदलला नव्हता. ऐकलं.
"आईचा आवाज पुसलास तू?"
"वायर जोडून गाणं कसं पुसंल?"
"मग कुठं गेली आई?"
आई समोरच बसलेली.
आत्यानं हेडफोन परत मागून घेतला. तीन वेळा ऐकला. मला बघवेना, बाहेर जाऊन बसलो.

१२ एप्रिल, नांदेड
रेल्वेनं पाणी आलं म्हणून अख्खं लातूर स्टेशनकडं. गर्दी दिसली आणि मी थांबलो नाही, असं जन्मात पहिल्यांदा झालं. सरळ नांदेडची बस.
हमीदचाचाच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात गेलो. आधी तिथं नुसता बसायला जायचो. संगीनं मोबाईल दिला नाही ("त्याला तर हातच लावू नको"), नुसता हेडफोन आणला. चाचानं तो स्वतःच्या मोबाईलला लावला, कुठलंतरी सिनेमाचं गाणं. मग माझ्या कानाला लावला.
तिथंबी गाणारा नाही!
मी बघतच राहिलो. चाचा हसले. "गाणं पुसलं न्हाई बेटा. तांब्याच्या तारेवरबी वार्निश असतंय, बिनरंगाचं. तू जाळलंच न्हाईस, तर टाका कसा धरंल? आणि वायंडिंगवाला म्हणवतो."
ती तार दोन्ही कानांची सामाईक. ती सुटली की दोन्हीकडं सारखा असलेला आवाज एकमेकाला खाऊन टाकतो. मुख्य गाणारा मधोमध असतो, तोच जातो. बाजूचे राहतात.
दोन मिनिटांत जोडून दिली. धर्माबादला दीड महिना मी काय करत होतो कुणास ठाऊक.

१३ एप्रिल, लातूर
आत्याचा आवाज आला परत. संगी आधी हसली, मग नाक पुसत आत गेली, परत आली.
आत्यानं एक कडवं ऐकलं. काढला. लिहिलं: पहिल्यासारखं कर.
म्हटलं, "अगं आत्या, पहिल्यासारखंच तर केलं."
तिनं कोपरानं पाटी पुसली. लिहिलं: तू बिघडवलास तसं.
संगी म्हणाली, "आई, येड लागलं का?"
पाटीवर: त्यात तुझे पप्पा होते.
संगीचे पप्पा, माझे आतोबा, पार्टीत मागं बसून झील ओढायचे. लोक चेष्टा करायचे म्हणे, बायकोच्या मागं मागं गातो. संगी चार वर्षांची असताना गेले. फोटो आहे एक. आवाजाचं कुणाच्या डोक्यातच नव्हतं. आत्या वर गात राहिली आणि ते तिच्या आवाजाखाली, इतकी वर्षं. आणि माझ्या गाढवपणानं ती बाजूला झाली तेव्हाच ते…
पुढं लिहवत नाही.

१५ एप्रिल
काल जयंती. मिरवणुकीत नाचलो, पण लक्ष नव्हतं.
कंपनीचा मेल: बिल नसलं तरी चालेल, जुना पीस पाठवा, नवीन देऊ. संगीला पाठवायचाय. "आईचा आवाज आत्ता कुठं आलाय. परत तोडलास तर बोलणार न्हाई तुझ्याशी, बाळ्या." आत्या काही लिहीत नाही. नुसती पाटी पुढं धरते, परवाचीच ओळ, तू बिघडवलास तसं. तिचं मी ऐकू का हिचं?

१७ एप्रिल
ती तार तोडली. संगी दारात उभी राहून बघत होती. अडवलं नाही.
आत्यानं ऐकलं. मान हलवली. मग हेडफोन काढून संगीच्या डोक्याला लावला, स्वतः समोर बसली. गाणं तिला पाठ. झील आली की बरोबर बोट वर करायची.
संगी भिंतीकडं बघत. पुरं गाणं ऐकलं.
"चौघं आहेत आई. ह्यातला कोणचा?"
आत्यानं पाटी उचलली. खडू टेकवला. आवाज कसा लिहायचा? तसाच टेकवून बसली.
"पुन्हा लाव," संगी म्हणाली.