वहिनीच्या खांद्यामागचा डाग

पोलादपूर, ता. ४ जानेवारी १९३७

चि. सयाजीस येसाजीचा आशीर्वाद. हितं सगळं ठीक हाय. भात झोडून झालं, म्हस व्याली. पत्र सहदेव गुरुजींकडून लिहून घेतोय. मी बोलतो तसंच लिहा म्हटलंय त्यांना.

तुझी वयनी कुडपणला माहेरी वारली ते तुला कळलंच हाय. मी गेलो नाय. पोरीला तिनं नजरेआड केली, हे दोन वर्षं माझ्या मनातून गेलं नाय. पण आता ती नाय म्हटल्यावर घरात बसवत नाय.

पोर गेली त्या शिमग्याला तू वयनीचा फोटो काढला होतास, तो मोठा करून पाठव. भिंतीला लावीन. तिच्या खांद्यामागं एक पांढरा डाग हाय, दुहेरी दिसतो. कोण म्हणतं वासरू, कोण म्हणतं भिंगच खराब. तो काढून टाक. नुसती ती ऱ्हाऊ दे. मुंबईत तुम्हाला ते जमतं म्हणं.

येसाजी


गिरगाव, मुंबई, ता. १५ जानेवारी १९३७

तीर्थस्वरूप दादास सयाजीचा साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र पोचून आठवडा झाला. इकडे लग्नसराई आहे, स्टुडिओत गर्दी असते. खोकला बरा आहे. आमच्या शेठनी आता पगार वाढवायचं कबूल केलं आहे.

दादा, फोटो मोठा करून ठेवला आहे. डाग काढायला ब्रश हातात घेतला, तीन वेळा घेतला. काढला नाही. त्याचं कारण सांगायचं म्हणजे आधी भिंगाचं सांगावं लागेल.

त्या शिमग्याला मी आणला होता तो छोटा जर्मन कॅमेरा शेठचा. त्याला नवं रुंद भिंग बसवलं होतं, ते कसं चालतं ते बघून ये म्हणून त्यांनी माझ्याकडे दिला होता. रुंद भिंगात मागचं पुष्कळ मावतं. पण पूर्ण उघडून माणसाच्या अगदी जवळ गेलं, तर माणूस तेवढा लख्ख येतो आणि मागचं सगळं अस्पष्ट होतं. या भिंगाची तऱ्हा आणखी वेगळी. मागच्या वस्तू मऊ विरघळत नाहीत, त्यांच्या कडा दुहेरी उमटतात, कोपऱ्यांकडे त्या ओढल्यासारख्या होतात. मला त्याचं वेड लागलं होतं. शेठना दाखवीन, ते पाठ थोपटतील, एवढंच डोक्यात होतं.

तू पालखीच्या खांद्याला होतास. मी वहिनींना नदीकडच्या वाटेवर दगडावर बसवलं आणि दोन हातांवर जाऊन त्यांच्या नथीवर नेम धरला. एक फोटो झाला. त्या उठायला लागल्या. म्हणाल्या, "भावजी, तुळशी कुठं गेली बघते."

मी म्हटलं, "वहिनी, हलू नका. हललात तर सगळं फुकट जाईल."

त्या बसल्या. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाल्या, "पोर नदीकडं जाईल हो."

"मागंच आहे ती. मला दिसते आहे." असं मी म्हटलं, दादा.

आणि ती दिसतच होती. अस्पष्टपणा येतो तो फिल्मवर. आपण डोळा लावतो त्या खिडकीत सगळं सारखंच स्वच्छ दिसतं, जवळचंही आणि लांबचंही. मला तिचा पिवळा परकर दिसत होता. ती डोहाच्या वाटेनं निघालेली दिसत होती. मी मनात म्हटलं, बरं झालं, उजळ रंग मागे आला, भिंग तो कसा फाडतं ते कळेल. आणि चावी फिरवून पुढचा फोटो घेतला.

तो डाग आपली तुळसा आहे.

तुला मी एकच फोटो दिला. असे सात आहेत. पहिल्यात ती आईपासून चार पावलांवर आहे, पालखीकडे तोंड करून. मग लहान लहान होत जाते. तुझ्याकडचा चौथा. सातव्यात मागे नुसती वाट आहे. एकातही तिचा चेहरा येत नाही. मी काचेखाली धरून बघितले, केवढेही मोठे केले तरी डागच मोठा होतो.

तिला डोहातून काढली त्या संध्याकाळी वहिनी तुला म्हणाल्या होत्या, "भावजींनी मला उठू दिलं नाही." तू माझ्याकडे बघून विचारलंस, "खरं का रे?" आणि मी म्हणालो, "एकच फोटो घेतला, लगेच सोडलं."

सगळ्या वाडीसमोर मी त्यांना खोटं पाडलं. चौथ्या दिवशी तू त्यांना कुडपणला धाडलंस. मी मुंबईची मोटार धरली. पुढे सांगू, राग उतरला की सांगू, असं करत दोन वर्षं काढली.

मागच्या दिवाळीत मी कुडपणला गेलो होतो. तुला कळवलं नव्हतं. वहिनी अंगणात नाचणी पाखडत होत्या, हात काटकीसारखे झाले होते. मी आज सगळं सांगणार, तुमच्याबरोबर खाली येऊन दादाला सांगणार, असं ठरवूनच चढलो होतो. त्यांनी पाणी दिलं. मी ते प्यालो आणि मुंबईच्या गोष्टी सांगत बसलो. मी निघालो तेव्हा पायरीपर्यंत आल्या आणि विचारलं, "भावजी, तुमच्या फोटोत कुठं तुळशी आलीय का हो? कशी पण. पाठमोरी असली तरी चालेल."

मी नाही म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि पुन्हा सुपाशी जाऊन बसल्या. माघात सातही फोटो छापून त्यांना पाठवावेत असं मनात होतं. माघ आता येईल. त्या मार्गशीर्षातच गेल्या.

सातही फोटो या पत्रासोबत आहेत. क्रमानं लावले आहेत, तो मोडू नकोस. वहिनींच्या वडलांना मी वेगळं पत्र टाकलं आहे, त्यांच्या मुलीचा काही दोष नव्हता असं. तुझ्या वाडीतही हे पत्र गुरुजींकडून मोठ्यानं वाचून घे. माझ्या खोटेपणाला साऱ्यांचे कान होते, खऱ्यालाही असू देत.

क्षमा मागत नाही. जी देऊ शकली असती तिला मी पायरीवरून रिकाम्या हातानं परत पाठवलं.

तुळसाचा काका म्हणायची लाज वाटते, तरी दुसरं नाव नाही म्हणून,

सयाजी