कोल्हापूरनं पाळलेली शांतता

कोल्हापूर, शनिवार दुपार

प्रिय दीप्ती,

तुला ते सायकलचं दुकान आठवतं का? शनिवारची अर्धी शाळा, तुझ्या सायकलचं मागचं चाक बसलेलं, आणि आपण दोघी निळ्या पिनाफोरमध्ये बिंदू चौकाजवळच्या त्या दुकानासमोर उभ्या. आत रेडिओवर शबनम दीवान गात होत्या. पंक्चर निघालं, चाक परत चढवून झालं, पण गाणं अजून दुसऱ्याच कडव्यावर होतं. तेव्हा तू अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणालीस, "मामा, पुढचं चाक पण बघा जरा." मामांनी चाक दाबून पाहिलं. "ह्येला काय धाड भरलीया? दगडागत हाय की!" तरी तू हटली नाहीस. बिचाऱ्यांनी ते खोललं, ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवली, आणि गाणं संपेपर्यंत आपण दोघी न येणाऱ्या बुडबुड्यांकडे बघत राहिलो. घरी जाताना ठरलं, की ह्या बाईंचं गाणं एकदा समोर बसून ऐकायचं, आणि दोघींनी मिळूनच ऐकायचं. त्याला एक्कावन्न वर्षं झाली. (त्या पुण्याला आल्या तेव्हा तुझं बाळंतपण, मुंबईला आल्या तेव्हा माझ्या सासूबाईंचा मोतीबिंदू. आपल्या दोघींच्या घरांनी त्या बाईंचे दौरे विचारून घेतले होते की काय, कोण जाणे.) आता हा त्यांचा शेवटचा दौरा. ह्या वेळी चुकलं तर चुकलंच.

तर रीतीप्रमाणे आधी तुला प्रेमाचा नमस्कार, भाऊजींना आदराचा, आणि सांगली शहराला ह्या महिन्यापुरता नमस्कार नाही. भाऊजींची शुगर कशी आहे? तुझी टाच सकाळी अजून दुखते का? आम्ही इकडे बरे आहोत. माझे गुडघे जिना चढताना कुरकुरतात आणि उतरताना भांडतात, पण त्यांच्याशी निदान बोलणं तरी चालू आहे. तू तर तीन आठवडे फोनच उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. अनुजा (माझी सून, रोज तुमच्या गावात कॉलेजात शिकवायला जाते, आणि तरीही आमच्या घरात तिला मान आहे) पत्र आणि सोबतची पिशवी तुझ्या हातात देईल. तू का रागावलीस ते मला ठाऊक आहे. 'सांगलीकर टाळी वाजवण्याआधी शेजाऱ्याला विचारतात' असं मी बोलायला नको होतं. (म्हणजे पेपरवाल्यासमोर.)

आता आमच्या बाजूनं काय झालं ते ऐक. दौऱ्याच्या कंपनीनं आपल्या भागाला एकच कार्यक्रम ठेवला आणि दोन्ही शहरांना सारखंच पत्र पाठवलं, हे तुला माहीत आहेच. तुमच्या समितीच्या अध्यक्षीणबाई तूच. आमचे अध्यक्ष गणपतराव. (गुळाचे व्यापारी. हळू बोलले तर फक्त गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जातं.) मैदान तुमचंही मोठं, आमचंही मोठं. साठ वादकांच्या खोल्या तुम्ही काढल्यात, आम्हीही काढल्या. तुम्ही नाट्यपंढरी म्हणालात, आम्ही कलापूर म्हणालो. तुम्ही नदी दाखवलीत, आम्ही तलाव दाखवला. मध्येच इचलकरंजीनंही अर्ज टाकला होता. यंत्रमागांचा खडखडाट त्यांना स्वतःला ऐकूच येत नसल्यामुळे 'आमच्याकडे संपूर्ण शांतता असते' असं त्यांनी अगदी मनापासून लिहिलं होतं म्हणे.

गाडी अडली ती शेवटच्या अटीवर. पत्र इंग्रजीत, आणि आमच्या समितीत इंग्रजी म्हणजे मी. (कॉन्व्हेंटच्या सिस्टरांच्या पट्टीचे वळ गेले, इंग्रजी राहिलं.) शबनमबाई आता अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, आवाज बारीक झालाय, हळू गातात. म्हणून संध्याकाळी सहा वाजता मैदानावर वीस मिनिटं यंत्रानं आवाज मोजायचा, आणि जिथं कमी भरेल तिथं गाणं. 'नेहमीसारखंच राहू द्या, विशेष काही करू नका' असं शेवटी स्वच्छ लिहिलं होतं. मी तेही वाक्य वाचून दाखवलं. पण तुला आपलं गाव माहीत आहे. 'विशेष काही करू नका' असं म्हणणाऱ्या पाहुण्याला आपल्याकडे दोन वाढपी जास्त लागतात. गणपतरावांनी टेबलावर मूठ आपटली. "सांगली गप बसती ती सवयीनं! आपुन बसायचं ते ईर्ष्येनं. गप बसणं म्हंजे काय असतंय ते दाखवूनच दिऊ!"

मंगळवारी सहाला चार-पाच हजार माणसं शांतता पाळायला मैदानावर हजर. आवाज मोजायला आलेला प्रसेनजीत तिशीतला, अबोल, भला मुलगा. त्याचं आजोळ गारगोटीचं निघालं, तेव्हाच आम्ही कार्यक्रम खिशात घातला होता. वाजतगाजत आणायचा बेत मी कसाबसा मोडला, तर तडजोड म्हणून त्याला फेटा बांधला. मग कळलं की कानाला लावायचं त्याचं यंत्र फेट्यावरून बसत नाही. फेटा सोडला तर अपमान, म्हणून चौघांनी मिळून तो कानापुरता वर सरकवला, आणि बिचारा दर दोन मिनिटांनी एका हातानं फेटा आणि एका हातानं यंत्र सावरत राहिला.

दोन रिक्षांवर भोंगे बांधले होते. एक डावीकडून आणि एक उजवीकडून मैदानाभोवती फिरत सांगत होती की नागरिकांनी कृपया शांतता पाळावी. दोघी समोरासमोर आल्या की आधी कोण बंद करणार यावर भोंग्यातूनच वाद. तालमीच्या पैलवानांनी चारी रस्ते अडवले. अडलेले लोक का अडवलंय ते हॉर्न वाजवून विचारत होते. आणि आक्काताईंच्या म्हशी! आक्काताई आमच्या समितीत आहेत, आणि त्यांच्या सोळा म्हशी रोज सहाला मैदानाच्या कडेनं दूध कट्ट्यावर जातात. (तिथं गिऱ्हाइकासमोर धार काढून फेसाळ पेला हातात देतात. तू नाक मुरडायचीस आणि दोन पेले प्यायचीस.) घंटांचा आवाज नको म्हणून आक्काताईंनी प्रत्येकीच्या घंटेत फडकं कोंबलं. पण म्हैस चालते ती पुढचीच्या घंटेमागं. घंटा मुक्या झाल्यावर पहिली थांबली, तिनं मागं वळून बघितलं, आणि मग सोळाही जणी हरवल्यासारख्या एकमेकींना हाका मारू लागल्या. प्रसेनजीत हळूच म्हणाला, थोडं शांत झालं तर बरं. "गप्प बसा रं!" असं गणपतराव ओरडले, तर समोरच्या इमारतीवरची सगळी कबुतरं उडाली.

आणि मग, दीप्ती, सतराव्या मिनिटाला खरंच ते झालं. एका भोंग्याची बॅटरी संपली, दुसऱ्याला कुणीतरी हात जोडले, म्हशी बसल्या, हॉर्नवाले कंटाळून गाडीतून उतरून गर्दीत आले. एवढी माणसं, आणि मला माझ्या बांगड्या ऐकू येत होत्या. शेजारच्या बाईच्या कडेवरचं बाळसुद्धा डोळे मोठे करून गप्प. प्रसेनजीत यंत्राकडे बघून पहिल्यांदा हसला. अजून एक मिनिट तसंच गेलं. मी मनात तुझी खुर्चीसुद्धा ठरवून टाकली, डावीकडून तिसरी रांग. तेवढ्यात मागून कुणीतरी अगदी कौतुकानं म्हणालं, "जमलं की रं!"

झालं. स्वतःच्या शांततेवर खूश होऊन अख्ख्या मैदानानं टाळ्या वाजवल्या. शिट्ट्या झाल्या. कुठूनशी लपवून आणलेली हलगी निघाली आणि तिच्यावर दोन आजोबा नाचले. खरं सांगू? मीही टाळ्या वाजवल्या. इतका आनंद मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

रात्रीच्या जेवणाला प्रसेनजीतनं खाली मान घालून निकाल सांगितला, आणि तिसऱ्यांदा पांढरा रस्सा वाढल्यावर तुमच्याकडची गोष्टही सांगितली. तुमच्या समितीनं सोमवारऐवजी बुधवार लिहून ठेवला होता! मैदानावर कोणीही आलं नाही. एक गृहस्थ फेऱ्या मारत होते आणि एक कुत्रं झोपलं होतं. आणि तू दुसऱ्या दिवशी पेपरात काय म्हणालीस? 'हा सांगलीकरांच्या संयमाचा विजय आहे.' दीप्ती! संयमाचा!

त्यावर आमची निषेध सभा झाली. गाण्याच्या दिवशी कोल्हापूरचा एकही माणूस सांगलीत पाऊल टाकणार नाही, असा ठराव एकमतानं मंजूर झाला. मसुदा माझा, अक्षर माझं, पहिली सही माझी. तेव्हा हे पत्र म्हणजे निषेधच समज. आमचा निर्धार अढळ आहे आणि त्यात बदल होणे नाही.

भाऊजींची काळजी घे. टाचेला रात्री गरम पाण्याचा शेक दे.

तुझीच (आणि कोल्हापूरची),
अवंतिका

ता. क. मला एक तिकीट हवं आहे. माझ्या नावावर नको, अनुजाच्या नावावर घे. मी डोक्यावरून पदर घेऊन येईन.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवत होते तोच गणपतराव आले, मागच्या दारानं. "बाई, तुमची मैत्रीण हाय न्हवं सांगलीत? आमच्या माईला लई आवड त्या गाण्याची. मला न्हाय. मी आपलं सोबतीला." माई म्हणजे त्यांची बायको. तेव्हा तिकिटं तीन. कुणाला सांगायचं नाही अशी त्यांनी मला गुळाच्या ढेपेवर हात ठेवायला लावून शपथ घातली.

ता. क. तिसरा. आक्काताई येऊन गेल्या. "मी काय गाणं ऐकाय न्हाय जायची. सांगलीवाली कसं करत्यात, त्येवढं बघून येती." चार.

ता. क. चौथा. संध्याकाळ झाली. आमच्या अकरा जणांच्या समितीतले आणखी सहा जण एकेकटे येऊन गेले, आणि प्रत्येकाला वाटतंय की फितूर तो एकटाच. उरलेल्या दोघांच्या बहिणी सांगलीत दिल्यात, त्यांची सोय आधीच झाली आहे. एकूण दहा तिकिटं, दीप्ती. म्हणून कुणाला काय द्यायचं ते नीट लिहिते.

पिशवीतली ढेप गणपतरावांकडून तुमच्या समितीला. भाऊजींनी तिच्याकडे बघायचंसुद्धा नाही. आक्काताईंचा खरवस तुला, मिळाल्या मिळाल्या खा. मसाल्याची बरणी प्रसेनजीतला दे (तो तुमच्याकडेच मुक्कामाला आहे ना?), आणि त्याचा फेटाही, घाईत इथंच राहिला. गणपतराव आणि माईंना उजव्या टोकाच्या खुर्च्या दे, गायिकेपासून शक्य तितक्या लांब. ते दाद देतात. आक्काताईंना दाराजवळची, त्यांना धारेच्या वेळेला परतायचं असतं. बाकी सहा जणांना सहा कोपऱ्यांत टाक. कोपरे चारच असले तर खांबांमागे बसव, पण एकमेकांना दिसू देऊ नकोस, नाहीतर उभे राहून ठराव वाचतील. दहावं तिकीट माझं, आणि त्याच्या शेजारची खुर्ची तू कुणालाही द्यायची नाहीस. अजून राग गेला नसेल तर ती रिकामी ठेव आणि माझ्या मागच्या रांगेत बस. दर गाण्यानंतर मी वळून बघीन.