अंगठ्याचं त्रिसरण

डाव्या पायाचा अंगठा अजून झोपायला तयार नाही, आबा. बाकीची नऊ बोटं गोधडीखाली गेली. तुमची पणती, माझी नात, तो एकटा बाहेर काढून धरते आणि म्हणते, "ह्यानं त्रिसरण म्हणलंच न्हाई."

"अंगठ्याला तोंड कुठं असतं?"

"मग तुमी म्हणा की, त्याच्या आवाजात."

"कसा हाय त्याचा आवाज?"

"जाडा."

आणि मी, तीस वर्षं वर्गात एकदाही न हसलेला मास्तर, हनुवटी छातीला टेकवून जाड्या आवाजात तिन्ही सरणं म्हणतो. करंगळीसाठी मघाशी चिरका आवाज काढला होता. पोरगी हसता हसता उशीवरून घसरते. तुमची सून दारातून म्हणते, "चार वर्सांची ती हाय का तुमी?" मग तीही आत येऊन बसते.

यंदा संक्रांतीला विद्यापीठाच्या नामांतराची बातमी आली त्या रात्री गावात आपल्या वस्तीवर दगड आले. एक पडला तो ही पोरगी झोपली होती त्या खोलीच्या पत्र्यावर. "गाव निवळंस्तोवर राहू द्या," म्हणून मुलगा तिला इथं परभणीला सोडून गेला. पहिल्या तीन रात्री ती वर बघत जागी होती. तुम्ही असता तर केलं असतं, तेच मी केलं. बुद्ध-बाबासाहेबांच्या तसबिरींसमोर तिला ताठ बसवलं, वंदना म्हणवून घेतली. तिनं सगळं बिनचूक म्हटलं आणि डोळे उघडे ठेवून पडून राहिली. चौथ्या रात्री तिनं दोन्ही पाय वर केले. "ह्यांना बी भ्या वाटतंय. ह्यांनी म्हणलं तर चालतंय का?"

तुमचं वाक्य माझ्या तोंडात आलं होतं.

दीक्षा घेऊन आलो त्या वर्षीची संध्याकाळ. घरातले देवांचे टाक तुम्ही स्वतः गोदावरीत सोडले होते, कोनाडा चुन्यानं रंगवला होता. आपण तिघं त्यापुढं बसलेलो, तुम्ही पुढं, मागं थोरला भाऊ आणि मी. एक कोंबडी आत आली, आपल्या रांगेत शेवटी बसली आणि तिनं डोळे मिटले. मागून हसू फुटलं. तुम्ही वंदना थांबवली नाहीत. संपल्यावर थोरल्याला दंड धरून बाहेर काढलंत आणि थंडीत उभं केलंत. म्हणालात, "आपल्याला हसायला गावातले लोक पुष्कळ हायत. घरातलं कशाला पाहिजे?"

खरं होतं ते. पाटलाच्या ओट्यावर तुमच्या पांढऱ्या सदऱ्याला लोक हसत होते, हे मला माहीत होतं. तुम्ही ताठ बसलात म्हणून मी शिकलो, हेही माहीत आहे. तरी आता तुमचं ऐकणार नाही. तुमच्यापुढं चौदाव्या वर्षापासून ताठ बसलो, आणि त्या ताठ बसण्यात कान कायम दाराकडे असायचे, कोण बघतंय, कोण ऐकतंय. या गोधडीवर कान दाराकडे नसतात. त्रिसरण मी आयुष्यभर पाठ म्हटलं. भरवसा ठेवून म्हटलं ते पहिल्यांदा एका अंगठ्याच्या आवाजात. याला तुम्ही टवाळी म्हणाल. म्हणा. उद्या मी टाचांनाही म्हणायला लावणार आहे.

अंगठा आता गोधडीखाली गेला. पोरीचा श्वास लांब झाला. बाहेर कुणाच्या तरी हातून बादली पडली, ती जागी झाली नाही.

एक सांगायचं राहिलंय. त्या संध्याकाळी थोरला हसला नव्हता. हसलो मी. तुम्ही त्याला बाहेर काढलंत तेव्हा मी कोंबडीसारखे डोळे मिटून घेतले. तो त्याबद्दल कधी बोलला नाही. मीही नाही.

सकाळी पोरगी उन्हं अंगणात येईपर्यंत झोपली. मी पोस्टात जाऊन थोरल्याच्या नावानं एक कार्ड टाकलं. हे पत्र वहीतच आहे.