दाराजवळचा वारा

ता. ४ जून

ती. काकांस,
शि. सा. न., त्यातला निम्मा काकूला पोचवा, नाहीतर ती रुसेल. वि. वि.

आमच्या संस्थेची पाहणी एकदाची संपली. या भागात संगीतावर पोट असलेली जेवढी माणसं सापडली, म्हणजे वाजवणारे, गाणारे, वाद्यं दुरुस्त करणारे, माइक-स्पीकर सांभाळणारे, त्या सगळ्यांना भेटून आले. तुम्हाला कशाचा त्रास होतो आणि आम्ही काय केलं तर बरं होईल, एवढंच विचारायचं होतं. पण सुरुवातीला कुणी धड तोंड उघडेना. मग तुमच्या वाद्यवृंदातल्या ट्रम्पेटवाल्यांनी भर तालमीत जाहीर केलं, की ही आपल्या व्हायोलिनवाल्याची पुतणी, आई-वडील गेल्यावर त्याच्याकडेच वाढली, आमच्या खुर्च्यांखाली झोपायची. त्यानंतर लोक घरी बोलावून चहा पाजायला लागले. माझी नोकरी तुमच्या पुण्याईवर चालली आहे, हे लेखी मान्य करते.

एका गोष्टीची मात्र गंमत वाटली. कुठल्याही हॉलमध्ये जा, वादकांचं गाऱ्हाणं एकच. दारातून वारा लागतो, जागा बदलून हवी. तुम्हीसुद्धा तेच सांगितलंत, तेही किती गंभीर चेहरा करून! यंदा संस्था सगळ्यांसाठी एक मोठं काम हाती घेणार आहे आणि ते कुठलं हे माझ्या अहवालावर ठरेल. सगळ्या हॉलची दारं-खिडक्या दुरुस्त करा, असं लिहावं म्हणते. नमुना म्हणून तुमच्या दाराला एक जाड पडदा आधीच धाडते आहे.

लोभ आहेच, त्यात भर घालता आली तर पाहा.
तुमची,
चौकशीबाई

ता. १९ जून

चि. चौकशीबाईस,
अ. आ. काकू तिचे वेगळे पाठवणार होती, पण टपालखर्च वाचावा म्हणून यातच घे.

पडदा पोचला. काय तो पडदा! परवाच्या तालमीत सगळ्यांना घाम फुटला. मास्तर एका हातानं ताल देत होते आणि दुसऱ्यानं चष्मा पुसत होते. ट्रम्पेटवाला म्हणाला, की पुतणी गुणाची आहे, पण आम्हाला उकडून खायचा बेत दिसतो. तरी सगळ्यांनी तुला मनापासून धन्यवाद कळवायला सांगितलंय. आजवर आमची बोटं नीट चालतात की नाही एवढंच लोक बघत आले. तुम्हाला काय हवं-नको, असं विचारत दारात आलेली तूच पहिली. हे मी तुला तोंडावर सांगितलं नसतं, डोक्यावर चढशील.

आता वारा बंद झाला, तर बासरीवाल्या ताईंच्या डोळ्यांवर दिवा येऊ लागलाय. माझ्या खुर्चीचा पाय डुगडुगतो, म्हणून मीही जरा पलीकडे सरकलोय. तू मनाला लावून घेऊ नकोस. वादक ही जातच कटकटी. अहवाल आहे तसा पाठवून मोकळी हो.

हल्ली फोनवर बोलायचा मला भारी कंटाळा येतो. पत्रच बरं.
तुझा,
काका

ता. २६ जून

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

फोनचा कंटाळा, आणि तुम्हाला? चुकून लागलेल्या नंबरवरच्या माणसाशीही अर्धा तास गप्पा मारणारे तुम्ही! तुमचं पत्र वाचून मला चैन पडेना. दुसऱ्या एका हॉलमध्ये गेले आणि दाराजवळच्या खुर्चीवर कागदाची पट्टी धरून बसले. पट्टी हलली म्हणून नाही. रखवालदार मात्र मला वेड लागलंय असं समजून पाणी घेऊन आला.

अहवाल मी थांबवलाय. काका, हा वारा आहे तरी काय? सगळे मिळून मला काहीतरी सांगत नाही आहात. मी चुकीचं लिहिलं तर संस्थेचं सगळं बळ दारांच्या फटी बुजवण्यात जाईल, आणि ज्यांनी मला घरात घेतलं त्यांचं दुखणं तसंच राहील. तुमच्याशिवाय कुणाला विचारू?

वाट पाहणारी,
चौकशीबाई

ता. ३ जुलै

चि. पोरीस,
अ. आ.

लिहायला बसलो आणि उठलो, असं बऱ्याचदा झालं. शेवटी काकूनं विचारलं, की तुम्ही लिहिता की मी लिहू. म्हणून लिहितो.

वारा नाही गं, कान आहे. माझा डावा कान गेलाय. व्हायोलिन त्याच कानाखाली आणि त्याच बाजूला मागे ट्रम्पेट, सगळा जन्म असाच गेला. आधी बारीक सूर विरले, मग शिट्टी वाजू लागली, आता शिट्टीच उरली. आमच्यात असं झालं, की वादक वाऱ्याचं निमित्त काढतो आणि चांगला कान शेजाऱ्याकडे येईल अशी जागा मागून घेतो. शेजारी उमजतो आणि मुकाट्यानं सरकतो. उद्या पाळी त्याचीही असते. उघड बोललं तर कुणी काढून टाकत नाही, नुसतं पुढच्या कार्यक्रमाचं बोलावणं येत नाही. तुला सगळ्यांनी सवयीनं तेच सांगितलं. त्यात तू एवढ्या मायेनं पडदा पाठवलास, मग तर खरं बोलायची चोरीच झाली.

माझी खुर्ची गेली तर सकाळी उठून मी जाऊ कुठे? मला दुसरं काही येत नाही. भीती वाटते, पोरी.
काका

ता. क. मी काकू. मला वाटायचं, लग्नाला इतकी वर्षं झाली, आता हे माझं ऐकेनासेच झालेत. कान आहे हे कळल्यावर आधी बरंच वाटलं, आणि मग रडू आलं. तू काहीतरी कर.

ता. १० जुलै

ती. काकांस आणि काकूस,
सा. न. वि. वि.

तुम्ही मला खरं सांगितलंत, याचे उपकार कसे मानू? पत्र वाचून ऑफिसात सगळ्यांदेखत रडले आणि मग कानांच्या डॉक्टरांना गाठलं. गेलेलं परत येत नाही म्हणाल्या, पण उरलेलं वाचवता येतं. कानांत घालायची खास बुचं, मोठ्या आवाजाच्या वाद्यांपुढे आडोसा आणि वेळच्या वेळी तपासणी. अहवाल नव्यानं लिहिला.

संस्थेच्या मंडळानं तो परत पाठवलाय. एवढ्या पाहणीत एकाही माणसानं कानाचं नाव काढलेलं नाही, मग तुमच्या अंदाजावर विश्वास कसा ठेवायचा, असं त्यांचं म्हणणं. एखादा वादक उघडपणे सांगेल तर बघू म्हणतात. मी तुमचं नाव घेतलेलं नाही आणि घेणार नाही. तुम्हीही काही करायचं नाही, माझी शपथ आहे. ती खुर्ची तुमची आहे. मी दुसरी वाट शोधीन. तुम्ही फक्त डॉक्टरांकडे जा, वेळ घेऊन ठेवलीय. काकू, यांना बखोटीला धरून ने.

तुमचीच,
चौकशीबाई

ता. २१ जुलै

चि. चौकशीबाईस,
अ. आ. तुझी शपथ मोडली. रागावायचं असेल तर पत्र संपल्यावर रागाव.

डॉक्टरीणबाईंनी उजवा कान शाबूत असल्याचं सांगितलं, जिवात जीव आला. त्याच धीरावर तालमीत उभा राहिलो. म्हटलं, माझा डावा कान गेलाय, तसं मी संस्थेला कळवणार आहे, आणि त्यामुळे मला बोलवायचं नसेल तर आजच सांगा. मास्तरांनी छडी खाली ठेवली. वाटलं, संपलं.

मग ट्रम्पेटवाला उठला. त्याचा चेहरा पडला होता. माझ्यामुळेच का रे, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, थोडं तुझ्यामुळे, थोडं माझ्याच व्हायोलिनमुळे. तेव्हा त्यानं सांगून टाकलं, की त्याचेही दोन्ही कान अर्धेच उरलेत. मग बासरीवाल्या ताई उठल्या. मग बाकीचे, एकेक करून. शेवटी मास्तरांनी फर्मावलं, की आपापली खुर्ची उचला, जिथून खरंच ऐकू येतं तिथे बसा आणि आज कुणी खोटं बोलायचं नाही. ती अख्खी तालीम खुर्च्या सरकवण्यात गेली. एक सूर वाजला नाही. खर्जाचे सेलो आपल्याजवळ हवेत, कारण विचारू नये, असं मास्तरांनी हळूच बजावलं, तेव्हा सगळे हसले. मास्तरसुद्धा. जाताना त्यांनी पुढच्या कार्यक्रमाचं बोलावणं माझ्या हातात दिलं. मी घरी येईपर्यंत घडीही उलगडली नाही, रस्त्यात रडणं बरं दिसत नाही.

सगळ्यांच्या सह्यांचं पत्र तुझ्या मंडळाला उद्या निघेल. तू चौकश्या केल्या नसत्यास तर आम्ही सगळे वाऱ्याला दोष देत बहिरे झालो असतो. तुझे उपकार मानायला काका म्हणून लाज वाटते, तरी मानतो.

आता सुटी काढून ये. या घरात तू कायम माझ्या डाव्या हाताला बसत आलीस. तिथून काय काय सांगितलंस, त्यातलं पुष्कळ मी नुसती मान हलवून सोडून दिलंय. या वेळी उजवीकडे बस आणि ते सगळं मला पहिल्यापासून सांग.

तुझा,
काका